दुखणे पानाला, औषध मुळाला

मार्च महिन्यात शेडनेटमधल्या काकडीच्या ओळींतून फिरताना पानांवर आधी दिसतात ते फिकट ठिपके. सुईच्या टोकाने टोचल्यासारखे. पान उलटे करून पाहिले तरी नुसत्या डोळ्यांना फारसे काही हाती लागत नाही. भिंग लावले की मात्र पानाच्या खालच्या बाजूला शिरांलगत हालचाल दिसते. अर्धा मिलिमीटरही लांबी नसलेले, आठ पायांचे जीव तिथे पेशींतला रस शोषत असतात. आठवडाभरात ठिपके एकमेकांत मिसळतात, पान पितळी रंगाचे होते, कडांनी वाळू लागते आणि शेंड्याकडे बारीक जाळे धरते. शेतकरी याला लाल कोळी म्हणतात. काकडी, कलिंगड, खरबूज, दुधी, दोडका, कारले अशा वेलवर्गीय पिकांचा उन्हाळ्यातला हा जुना वैरी आहे.

त्यावरचा उपाय बहुतेक ठिकाणी एकच असतो, तो म्हणजे फवारणी. काकडीच्या बाबतीत या उपायाला एक मोठी अडचण आहे. कीडनाशकाच्या प्रत्येक डब्यावर फवारणीनंतर किती दिवस तोडणी करू नये, हे लिहिलेले असते. काकडीची तोडणी मात्र भर हंगामात रोज किंवा एक दिवसाआड करावी लागते, नाहीतर फळ जून होते आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. म्हणजे डब्यावरची सूचना तंतोतंत पाळायची तर तोडे सोडावे लागतात आणि तोडे सोडले तर पैसे बुडतात. शिवाय काकडी न शिजवता, बहुधा सालासकट खाल्ली जाते. पानावरच्या या सूक्ष्म जिवाचा संबंध असा थेट कोशिंबिरीच्या वाडग्याशी पोहोचतो.

या पार्श्वभूमीवर कलम केलेल्या भाजीपाला रोपांची चर्चा सध्या वाढली आहे. वांगी आणि टोमॅटोची कलमी रोपे आता भारतात नवीन राहिलेली नाहीत. वाराणसीच्या भारतीय भाजीपाला संशोधन संस्थेने एकाच खुंटावर वांगी आणि टोमॅटो दोन्ही देणारे 'ब्रिमॅटो' हे झाडही करून दाखवले आहे. कलिंगड, खरबूज आणि काकडीची रोपे भोपळ्याच्या किंवा दुधीच्या खुंटावर बांधण्याचे तंत्रही उपलब्ध आहे. अशा रोपांविषयी बोलताना 'रोग-किडींना दाद न देणारी' असा सरसकट शब्दप्रयोग सहज केला जातो. जमिनीतल्या रोगांपुरता त्याला भक्कम आधार आहे. पानावरच्या कोळीसाठी तो कितपत खरा आहे, हे मात्र वेगळे तपासावे लागते.

फवारणी का हरते?

लाल कोळी हा कीटक नव्हे. तो विंचू, गोचीड आणि कोळ्यांच्या कुळातला जीव आहे. त्यामुळे कीटकांसाठी बनवलेली अनेक औषधे त्याच्यावर चालत नाहीत. उलट ती त्याला खाणाऱ्या ढालकिड्यांना आणि परभक्षी कोळ्यांना मारतात. शत्रू नाहीसे झाल्यावर लाल कोळी फोफावतो. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आणि त्याच्यासारखी औषधे सर्रास वापरली जाऊ लागली, तेव्हा जगभरच्या फळबागांत हेच घडले. तोवर दुय्यम असलेला कोळी प्रमुख कीड होऊन बसला.

दुसरे कारण त्याच्या वेगात आहे. तापमान ३० अंशांच्या आसपास असले की अंड्यापासून प्रौढ होण्यास त्याला आठ-दहा दिवस पुरतात. एक मादी शंभराच्या आसपास अंडी घालते. नराशी मीलन न झालेल्या मादीच्या अंड्यांतूनही पिल्ले निघतात, ती सगळी नर असतात. या नरांमध्ये प्रत्येक जनुकाची एकच प्रत असते. औषधाला दाद न देणारे जनुक अशा नरात आले, तर त्याला झाकणारी दुसरी प्रत नसते. ते लगेच कामाला लागते आणि पुढच्या पिढ्यांत झपाट्याने पसरते. टेट्रानिकस अर्टिकी या शास्त्रीय नावाने ओळखली जाणारी ही जात ११०० हून अधिक वनस्पतींवर जगते. इतक्या वनस्पतींची इतकी विषे पचवण्याची सवय असलेल्या जिवाला माणसाने बनवलेले विष पचवणे अवघड जात नाही. २०११ साली 'नेचर' या नियतकालिकात या कोळीचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा विषे निकामी करणाऱ्या जनुकांचा त्याच्याकडचा साठा उघड झाला. आजवर ९० हून अधिक औषधी घटकांना या जातीच्या कुठल्या ना कुठल्या वाणाने प्रतिकार दाखवल्याची नोंद आहे.

तिसरी बाब औषधांच्या स्वतःच्या दुष्परिणामांची. डायकोफॉल हे कोळीनाशक भारतात वर्षानुवर्षे वापरले गेले. ते डीडीटीपासून तयार केले जाई. पर्यावरणात दीर्घकाळ टिकून राहणाऱ्या घातक रसायनांविषयीच्या स्टॉकहोम करारात २०१९ साली त्याचा समावेश झाला आणि २०२३ मध्ये भारतानेही त्यावर बंदी आणली. फवारणी करणाऱ्या माणसाची किंमत तर महाराष्ट्राने पाहिली आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते पीक वेगळे होते आणि कीडही वेगळी होती. पण औषध चालेना म्हणून अधिक तीव्र मिश्रण, मग आणखी एक फवारा, ही वाट भाजीपाल्याच्या शेतातही तशीच आहे.

कलमाचा जुना धडा

मराठी शेतकऱ्याला कलम शिकवावे लागत नाही. कोकणातला हापूस कलमावरच उभा आहे. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागांत वर थॉमसनची वेल आणि खाली 'डॉगरिज' या मूळच्या अमेरिकी रानद्राक्षाची मुळे असणे, ही नेहमीची गोष्ट झाली आहे. क्षारपड जमीन आणि पाण्याची टंचाई सोसायची ताकद त्या मुळांत असते. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या द्राक्षबागा फायलोक्सेरा या मुळांवरच्या किडीने उद्ध्वस्त केल्या. तेव्हा त्यांना वाचवले तेही अमेरिकी खुंटांवरच्या कलमांनीच.

वेलवर्गीय भाज्यांतली कलमे जपान आणि कोरियात १९२० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. एकाच जमिनीत वारंवार कलिंगड घेतल्याने मातीत मर रोगाची बुरशी साठत गेली होती. भोपळ्याच्या मुळांना ती बुरशी त्रास देत नाही, म्हणून कलिंगडाचा शेंडा भोपळ्याच्या खुंटावर बांधण्यात आला. आज त्या दोन्ही देशांतले बहुतांश कलिंगड कलमी रोपांवर येते. पुढे मातीचे निर्जंतुकीकरण करणारा मिथिल ब्रोमाइड वायू ओझोनच्या थराला घातक ठरला. माँट्रिअल कराराने विकसित देशांना २००५ पर्यंत आणि विकसनशील देशांना २०१५ पर्यंत त्याचा शेतीतला नेहमीचा वापर थांबवायला लावले. तेव्हा भूमध्य सागराभोवतीच्या देशांनीही कलमी रोपांकडे मोर्चा वळवला.

तंत्र हाताला सोपे वाटले तरी नाजूक आहे. खुंटाच्या आणि वरच्या जातीच्या कोवळ्या रोपांना तिरका छेद देतात, ती एकमेकांवर बसवून छोट्या चिमट्याने धरतात आणि काही दिवस उबदार, दमट आणि अंधाऱ्या जागी ठेवतात. तेवढ्या काळात दोन्हींच्या रसवाहिन्या जुळतात. मग हळूहळू उजेड आणि हवा देऊन रोपे कणखर केली जातात. एका रोपासाठी दोन बिया, कुशल हात आणि आठवडाभराची शुश्रूषा लागते. म्हणूनच कलमी रोप साध्या रोपापेक्षा बरेच महाग पडते.

मर रोग, सूत्रकृमी, क्षार आणि थंडी या सगळ्या अडचणी मुळांपाशी सुरू होतात. तिथे मूळ बदलल्याने फायदा होणे समजण्यासारखे आहे. लाल कोळी बसतो पानाखाली, जमिनीपासून हात-दोन हात वर. त्यासाठी मूळ बदलायचे म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असा प्रकार तर नव्हे? शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर झाडाच्या आतल्या वाहतुकीत आहे.

मुळातून पानात काय जाते?

मुळे केवळ पाणी वर चढवत नाहीत, हे दाखवणारा सर्वांत जुना आणि स्वच्छ पुरावा तंबाखूचा आहे. १९४० च्या दशकात टोमॅटोचा शेंडा तंबाखूच्या मुळांवर बांधला, तर टोमॅटोच्या पानांत निकोटिन आढळले. उलट तंबाखूचा शेंडा टोमॅटोच्या मुळांवर बांधला, तर तंबाखूच्या पानांत ते जवळजवळ सापडले नाही. निकोटिन तयार होते मुळांत आणि किडींपासून रक्षण करते पानांचे, हे त्यातून सिद्ध झाले. वेलवर्गीयांतही अशी ये-जा दिसली आहे. भोपळ्याच्या खुंटावर काकडीचा शेंडा बांधला असता भोपळ्याची प्रथिने आणि जनुकीय संदेश वाहून नेणारे रेणू काकडीच्या भागात पोहोचतात, असे कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस येथील विल्यम लुकास यांच्या गटाने १९९९ मध्ये दाखवले. म्हणजे कलमाचा जोड ही भिंत नाही. त्यातून पाणी, क्षार, संप्रेरके आणि निरोपही जातात.

हाच धागा पकडून इस्रायलमध्ये थेट कोळीवर प्रयोग झाले. मनाहेम एडेलस्टाइन आणि सहकाऱ्यांचा या विषयावरचा निबंध 'बुलेटिन ऑफ एन्टोमोलॉजिकल रिसर्च'मध्ये २००० साली प्रसिद्ध झाला. दुधीच्या खुंटामुळे वेलवर्गीय पिकांना किरमिजी कोळीविरुद्ध प्रतिकार मिळू शकेल का, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तशी शक्यता असल्याचे त्यांनी मांडले. हा किरमिजी कोळी त्या वेळी वेगळी जात समजला जाई. आता तो लाल कोळीचेच लाल रंगाचे रूप मानला जातो. त्यामुळे त्या प्रयोगाचे महत्त्व महाराष्ट्रातल्या काकडीलाही तितकेच आहे.

अमेरिकेत चार्ल्सटन येथील कृषी खात्याच्या भाजीपाला प्रयोगशाळेत सी. एस. कौसिक आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्या कोळीकडे लक्ष दिले. मिरचीवर चुरडा-मुरडा आणणाऱ्या कारणांपैकी एक असलेला पिवळा कोळी कलिंगडाचेही शेंडे आखडवतो. जगभरातून जमवलेल्या कलिंगडांच्या संग्रहात या कोळीला कमी बळी पडणारे वाण आहेत का, हे त्यांनी तपासले. असे काही वाण मिळाल्याचे त्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केले. प्रतिकाराचा कच्चा माल निसर्गात आहे, एवढे यातून कळते. मात्र एखाद्या वाणाच्या स्वतःच्या पानावर कोळी वाढत नाही, म्हणून तो खुंट म्हणून वापरल्यावर वरच्या परक्या पानावरही वाढणार नाही, असे गृहीत धरता येत नाही.

या शक्यतेला आता दोन दशके उलटली. तरी आज बाजारात मिळणारे वेलवर्गीयांचे खुंट प्रामुख्याने मर रोग, सूत्रकृमी, थंडी आणि क्षार यांसाठीच निवडलेले असतात. कोळीसाठी निवडलेला खुंट ही अजून संशोधनातली दिशा आहे, तयार माल नव्हे.

कडूपणाचा हिशेब

कोळी आणि काकडी यांच्या भांडणात माणसाच्या जिभेचाही वाटा आहे. वेलवर्गीय वनस्पतींचे मूळ शस्त्र म्हणजे कुकुर्बिटासिन ही अतिशय कडू द्रव्ये. दा कोस्टा आणि जोन्स या संशोधकांनी १९७१ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात एक चमत्कारिक निरीक्षण मांडले. ज्या काकडीच्या रोपांत कडूपणाचे जनुक चालू असते, त्यांना लाल कोळीचा त्रास कमी होतो, पण काकडीवरचे भुंगेरे त्यांच्याकडे ओढले जातात. कडूपणा काढून टाकलेल्या रोपांवर भुंगेरे फारसे येत नाहीत, पण कोळी माजतो. एकाच जनुकाने एक कीड थोपवली जाते आणि दुसरीला आमंत्रण मिळते.

२०१४ मध्ये चीनच्या सानवेन हुआंग यांच्या गटाने या कडूपणामागची नऊ जनुके शोधली. पानातला कडूपणा आणि फळातला कडूपणा यांची बटणे वेगवेगळी असतात, हे त्यांनी दाखवून दिले. माणसाने हजारो वर्षे गोड फळे निवडताना फळातले बटण बंद केले. खरबुजात तर फळ गोड असतानाही मुळांत कुकुर्बिटासिन असते. एकाच वेलीत खाली कडू आणि वर गोड हे निसर्गालाच मान्य आहे.

यातून कलमाबद्दल दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली, प्रत्येक अवयवाचा कडूपणा बव्हंशी त्या अवयवातल्या बटणावर ठरतो. त्यामुळे कडू मुळे लावली की पाने आपोआप कडू होतील आणि कोळी पळेल, असे सरळ गणित नाही. खुंटाकडून प्रतिकार मिळाला तर तो बहुधा अधिक आडवाटेने मिळेल. मुळांकडून येणारी संप्रेरके आणि इशारे पानाला आधीच सावध ठेवतील किंवा पानातल्या रसाचा कस बदलेल, अशा त्या वाटा आहेत.

दुसरी गोष्ट आरोग्याची आहे. कडू दुधीचा रस प्यायल्याने भारतात मृत्यू झाले आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने याचा अभ्यास केला आणि तो अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. रस काढण्यापूर्वी फोड चाखून पाहावी, कडू लागल्यास रस मुळीच घेऊ नये आणि घेतल्यावर उलटी, पोटदुखी, जुलाब, अस्वस्थता जाणवल्यास लगेच रुग्णालय गाठावे, हा त्यातला सल्ला घरोघरी माहीत हवा. कुकुर्बिटासिनवर विशिष्ट उतारा नाही. म्हणूनच कोळीविरुद्ध कडक खुंट निवडताना त्यावर येणाऱ्या फळाची चव आणि कडू द्रव्यांचे प्रमाण तपासणे, ही अट सुरुवातीपासूनच घालायला हवी. कोळी हटवण्याच्या नादात जेवणाऱ्याच्या ताटात कडूपणा परतला, तर तो व्यवहार तोट्याचा ठरेल.

थोडा प्रतिकारही पुष्कळ

खुंटामुळे कोळी पूर्ण नाहीसा होईल, अशी अपेक्षा कोणीच ठेवू नये. पण अर्धवट प्रतिकाराची किंमतही कमी नाही, आणि ती समजायला साधे अंकगणित पुरते. समजा, एखाद्या खुंटामुळे प्रत्येक पिढीत कोळीची पिल्ले फक्त पाचव्या हिश्शाने घटली. नेहमी जिथे शंभर झाली असती तिथे ऐंशीच झाली. एका पिढीपुरता हा फरक डोळ्यांत भरणार नाही. पण उन्हाळ्यात दहा दिवसांची एक पिढी धरली, तर महिन्याभरात तीन पिढ्या होतात आणि कोळीची संख्या एरवीच्या जवळपास निम्म्यावर येते. दोन महिन्यांत ती सुमारे चौथाईवर येते. कोळीची ताकद वेगात आहे. वेग थोडा कमी झाला तरी परभक्षी कोळ्यांना गाठायला वेळ मिळतो, आणि शेतकऱ्याला दोन-तीन फवारण्या वाचवता येतात.

परभक्षी कोळ्यांची कथाही काकडीशीच जोडलेली आहे. फायटोसियुलस पर्सिमिलिस हा शिकारी कोळी १९५८ मध्ये चिलीहून आलेल्या ऑर्किडच्या रोपांवरून जर्मनीत योगायोगाने सापडला. औषधांना दाद न देणाऱ्या लाल कोळीने हैराण झालेल्या युरोपातल्या काचगृहांत तो सोडण्यात आला. यान कॉपर्ट हे नेदरलँड्समधले काकडी उत्पादक. त्यांनी १९६७ मध्ये या कामासाठी व्यवसायच उभा केला. मात्र हा शिकारी वापरायचा तर शेतात त्याला मारणारी औषधे वापरून चालत नाही. खुंट, परभक्षी आणि जपून केलेली फवारणी एकमेकांना पूरक ठरतात. त्यांतले एक सुटे उचलले की फळ कमी मिळते.

उलटा परिणामही शक्य

कलमी रोपांची दुसरी बाजूही मांडायला हवी. भोपळ्याचे खुंट जोमदार असतात. जमिनीतले पाणी आणि नत्र ते अधिक चांगले ओढतात. पाण्याच्या ताणाखाली असलेली वेल कोळीला लवकर बळी पडते. त्यामुळे ताण सोसणारे मूळ तिथे फायद्याचेच. पण नत्राने तरारलेली, हिरवीगार, रसाळ पाने कोळीलाही आवडतात. कलमी रोपाला साध्या रोपाइतकेच नत्र दिले, तर पाने जास्तच लुसलुशीत होऊन कोळी वाढू शकतो. म्हणजे कलमासोबत खताची मात्रा बदलली नाही, तर मिळणारा लाभ त्यातच बुडेल.

काही चुका लागवडीतल्या असतात. कलमाचा जोड मातीत किंवा मल्चिंग पेपरखाली गाडला गेला, तर वरच्या जातीला स्वतःची मुळे फुटतात. मग खुंटाचा उपयोग संपतो आणि जमिनीतल्या रोगाला दार उघडते. खुंटाला फुटलेले धुमारे वेळच्या वेळी काढले नाहीत, तर भोपळ्याचीच वेल पसरते. रोपवाटिकेतल्या एकाच पात्याने शेकडो रोपे कापताना विषाणूही पसरू शकतात. काकडीचा हिरवा मोझॅक विषाणू बियांतून आणि पात्यांवरून असा प्रवास करतो. काही खुंटांवर कलिंगडाचा गर घट्ट होतो किंवा गोडी आणि चव बदलते. चव बिघडलेले कलिंगड कोळीमुक्त असले तरी गिऱ्हाईक दुसऱ्यांदा घेत नाही.

विचारायचे प्रश्न

कलमी रोपासाठी जादा पैसे मोजण्यापूर्वी शेतकऱ्याने रोपवाटिकेला तीन प्रश्न विचारायला हवेत. खुंट नेमका कोणता आहे? तो कोणत्या रोगासाठी किंवा किडीसाठी तपासला आहे? ती तपासणी मुळावर झाली की वरच्या पानावर? मर रोगाने किंवा सूत्रकृमीने ग्रासलेल्या जमिनीत पहिल्या दोन उत्तरांवरही कलमी रोप परवडू शकते. जमीन निरोगी असेल आणि केवळ लाल कोळीच्या भीतीने रोप घ्यायचे असेल, तर तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत एक-दोन ओळींवर प्रयोग करणे शहाणपणाचे. शेजारी-शेजारी कलमी आणि साध्या रोपांच्या ओळी लावाव्यात, पाणी दोघींना सारखे द्यावे आणि दर आठवड्याला ठरावीक पानांखालचे कोळी भिंगातून मोजावेत. एवढ्यानेही पुष्कळ कळते.

हेच काम मोठ्या प्रमाणावर आणि शास्त्रीय शिस्तीने करण्यासाठी राज्यात राहुरी, दापोली, अकोला आणि परभणी येथे चार कृषी विद्यापीठे आहेत. दुधी, कोहळा, घोसाळे, तांबडा भोपळा यांचे गावठी वाण महाराष्ट्रात अजून जपलेले आहेत. त्यांतल्या किती वाणांची खुंट म्हणून आणि विशेषतः लाल कोळीच्या संदर्भात परीक्षा व्हायची आहे, याची यादी करणे हीच चांगली सुरुवात ठरेल. खुंट परदेशातून आयात केला तरी तो इथल्या उन्हात, इथल्या क्षारांत आणि इथल्या कोळीसमोर कसा टिकतो, हे इथेच मोजावे लागेल. त्या मोजणीत कोळीच्या संख्येबरोबर फवारण्यांची संख्या, फळातले औषधांचे अंश, फळाची चव आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात उरलेले पैसे या नोंदीही हव्यात. शेतकऱ्याचा निर्णय त्यांवरच ठरतो.

उन्हाळे अधिक कडक आणि लांब होत चालले आहेत, आणि उष्ण, कोरडी हवा लाल कोळीच्या पथ्यावर पडते. येत्या वर्षांत त्याचा त्रास कमी होण्याची चिन्हे नाहीत. बंदी आलेल्या प्रत्येक औषधाच्या जागी नवे औषध येईल आणि काही हंगामांनी तेही बोथट होईल. खुंटाचा उपाय त्या चक्रातून पूर्ण सुटका देत नाही. पण तो रोपवाटिकेतच, फवारणी सुरू होण्याच्या आधी केला जातो, त्याला तोडणीपूर्वी थांबावे लागत नाही आणि तो करणाऱ्या माणसाच्या अंगावर विष उडत नाही. कोशिंबिरीत पडणाऱ्या काकडीवर दोन फवारे कमी झाले असतील, तर तेवढ्यासाठीही हे काम हाती घेण्याजोगे आहे.